गाळलेली खार

बाईंचं खरं नाव हजेरीपटावर असेल तेवढंच. एरवी मुलं, पालक, कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला, सगळे त्यांना बूटवाल्या बाई म्हणायचे. नवख्याला वाटावं, बाईंचं चपलांचं दुकान आहे की काय! तसं काही नव्हतं. बाई चौथीला शिकवायच्या आणि आठवड्यातून एकदा गोष्टीचा तास घ्यायच्या. तो तास मात्र असा रंगायचा की दारावरून जाणारा शिपाईसुद्धा घटकाभर थबकायचा.

रीत अशी. बाई जमिनीवर खडूनं दोन मोठी रिंगणं काढणार. एकात लिहिणार ‘पटलं’, दुसऱ्यात ‘नाही पटलं’. मग गोष्ट सांगणार. गोष्टीत कोणीतरी काहीतरी ठरवतं, कोणी पळून जातं, कोणी खोटं बोलतं, कोणी मित्राला वाचवायला पाण्यात उडी घेतं. तिथे गोष्ट थांबली की प्रत्येकानं उजव्या पायातला बूट काढायचा, उठायचं आणि ज्या रिंगणात ठेवावासा वाटेल तिथे तो नेऊन ठेवायचा. मग एका मोज्यावर जागेवर येऊन बसायचं आणि कारण सांगायचं. ऐकता ऐकता मत फिरलं तर बूट हलवायला मोकळीक. पण चर्चा संपेपर्यंत बूट पायात घालायचा नाही.

मुख्याध्यापिकांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं, आणि मोज्यांच्या वासानं ते मुरडायला कारणही होतं. “हात वर करून नाही का विचारता येत?” त्या म्हणाल्या. बाई म्हणाल्या, “हात वर करायला काय लागतं? शेजारच्याचा गेला की आपलाही जातो. बूट काढून चालत जायचं म्हटलं की माणूस जरा विचार करतो.” पुढे त्याच मुख्याध्यापिका बाहेरच्यांना कौतुकानं सांगायला लागल्या, आमच्याकडे असा तास होतो म्हणून.

फळ्याच्या वरच्या अंगाला तीन प्रश्न कायमचे लिहिलेले असायचे. त्याला तेव्हा काय माहीत होतं? त्याला दुसरं काय करता आलं असतं? त्याची झळ कोणाला बसली? आणि बाई दर वेळी बजावायच्या, “गोष्टीत आहे तेवढंच धरायचं. पदरचं काही घालायचं नाही.” मुलं हे प्रश्न घरी घेऊन जायची. एका मुलीनं रागावलेल्या वडिलांना विचारलं होतं, “बाबा, ओरडायच्या आधी तुम्हाला काय काय माहीत होतं?” ते वडील शाळेत तक्रार घेऊन आले. बाईंनी त्यांना बसवून घेतलं, समजावलं आणि ते गेल्यावर स्टाफरूममध्ये पोट धरून हसल्या. आपण मुलांना न्यायानं वागायला शिकवतो, याचा बाईंना अभिमान होता. तो त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचा.

याच वर्गात बाईंची सख्खी भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. अंगानं इवलीशी पण एकदा धरलं की न सोडणारी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. मुंगीचा आणि बाईंचा एक करार होता. शाळेच्या गेटच्या आत ‘बाई’, गेटच्या बाहेर ‘मावशी’. मुंगी तो करार इतका काटेकोर पाळायची की गेटच्या बरोबर मध्ये उभी राहून म्हणायची, “बाई, मावशी, आज खाऊ घेऊन देशील?”

आता घरचं सांगायला हवं. बाईंचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. म्हातारपणी त्यांच्या डोक्यातलंच घड्याळ मागेपुढे व्हायला लागलं. येईल त्याला विचारायचे, “किल्ली दिलीस का?” हो म्हटलं की खूश. पाच मिनिटांनी पुन्हा, “किल्ली दिलीस का?” ते राहायचे धाकटीकडे. धाकटी औषधांच्या कारखान्यात पाळीवर, नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. एकदा वडील गॅसची शेगडी न पेटवता नुसतीच चालू करून झोपले. मुंगी शाळेतून आली तेव्हा घरात वास भरला होता. पोरीनं खिडक्या उघडल्या म्हणून निभावलं. त्यानंतर धाकटीनं ताईला, म्हणजे बाईंना, विचारलं होतं, “थोडे महिने तू नेतेस का गं?” एकदा नाही, दोनदा विचारलं. बाई एकट्या राहत होत्या, तीन खोल्यांत. त्यांतली एक खोली तक्त्यांनी, खोक्यांनी आणि गोष्टींच्या पुस्तकांनी भरलेली. बाई म्हणाल्या, “माझी शाळा असते गं, मी कशी बघणार?” दुसऱ्यांदा म्हणाल्या, “परीक्षा होऊ दे, मग बघू.” परीक्षा झाल्या आणि बाईंनी काही बघितलं नाही. मग धाकटीनं वडिलांना गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं.

तेव्हा मात्र बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. “जन्मदात्याला परक्यांच्या हवाली केलंस!” असं त्या फोनवर म्हणाल्या, आणि वर हेही म्हणाल्या, “मी त्या जागेत पाऊल ठेवणार नाही.” आणि नाहीच ठेवलं. धाकटी आणि मुंगी दर रविवारी जायच्या. बाई घरी बसून तक्ते रंगवायच्या आणि मनातल्या मनात धाकटीला बोल लावायच्या. आपण नाही म्हणालो होतो, हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही. पण आठवायची वेळ आली की त्या लगबगीनं दुसऱ्या कामाला लागायच्या.

अशात शाळेत पाहुणे यायचं ठरलं. आसपासच्या शाळांतले शिक्षक बाईंचा तास बघायला येणार होते. आदल्या दिवशी रंगीत तालीम म्हणून बाईंनी जादा तास घेतला. पाहुण्यांपुढची गोष्ट राखून ठेवायची होती, म्हणून तालमीला काहीतरी नवं हवं होतं. तालमीच्या आदल्या संध्याकाळीच धाकटीचा फोन झाला होता, “ताई, या रविवारी तरी चल,” आणि त्यावरून दोघींची जुंपली होती. बाई वर्गात उभ्या राहिल्या आणि तोंडातून गोष्ट बाहेर पडली ती अशी. ठरवून सांगितली नाही, असं त्या पुढे स्वतःला समजावत राहिल्या. कसलं न ठरवून! तोंड आपलं असतं की नाही?

एका झाडावर एक म्हातारा खारोबा राहायचा. आयुष्यभर त्यानं लेकीसाठी बिया जमवल्या. म्हातारपणी त्याला आठवेना, कुठल्या ढोलीत काय ठेवलंय. लेकीला त्याचा कंटाळा आला. एक दिवस तिनं त्याला दूरच्या एका जुन्या झाडावर नेलं, तिथे सगळ्या म्हाताऱ्या खारी राहायच्या, आणि त्याला तिथे सोडून ती परत आली. खारोबा तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक खारीला विचारायचा, “किल्ली दिलीस का?”

वर्गात खसखस पिकली. “बाई, खारीला किल्ली?” “बाई, खेळण्यातली खार आहे का?” बाईंची जीभ घसरून गेली होती, आता बोललेलं परत कसं घेणार? “तो आपला असाच बोलायचा,” असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. सगळा वर्ग हसत होता. मुंगी हसत नव्हती. ती मान वर करून बाईंकडे बघत होती.

वर्गात एक मुलगा होता, प्रश्न विचारून भंडावणारा. त्याला बाईंनीच वकील म्हणायला सुरुवात केली होती. वकील उभा राहिला. “बाई, प्रश्न दुसरा. दुसरं काय करता आलं असतं? त्या खारोबाला बघायला दुसरं कोणी नव्हतं का?”

बाईंनी तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता. ‘होतं’ म्हणायचं आणि पुढे सांगायचं. मुंगीची नजर त्यांच्यावर खिळलेली होती. बाई म्हणाल्या, “नाही. दुसरं कोणीही नव्हतं.”

झालं. बूट निघाले आणि धपाधप ‘नाही पटलं’च्या रिंगणात पडले. पोरं जाम चिडली होती. “दुष्ट आहे ती!” “तिला पण म्हातारी झाल्यावर सोडायला पाहिजे!” बाईंना, खोटं कशाला बोला, गार वाटलं. इतके दिवस ज्या खटल्यात त्या एकट्याच बोलत होत्या, त्यात आता सगळा वर्ग त्यांच्या बाजूनं उभा होता. मुंगी सर्वांत शेवटी उठली. दोन्ही रिंगणांच्या मध्ये थांबली. मग तिनं आपला छोटा काळा बूट ‘नाही पटलं’मध्ये ठेवला, इतर बुटांपासून जरा लांब, आणि खाली मान घालून जागेवर गेली. तेवढ्यात घंटा झाली. पोरांनी बुटांवर झडप घातली आणि वर्ग रिकामा झाला. रिंगणात एकच बूट राहिला.

बाईंनी तो उचलला. त्याच्या नाडीचं टोक जळकं होतं, धाकटीनं मेणबत्तीवर धरून बंद केलेलं. बाईंनी स्वतःशी म्हटलं, विसरली असेल पोर.

संध्याकाळी त्या बूट घेऊन धाकटीकडे गेल्या. दार धाकटीनंच उघडलं. डोळे सुजलेले. मागे जेवणाच्या टेबलाशी मुंगी पाठमोरी बसली होती, समोरचं ताट तसंच.

“ताई, मला एक सांग,” धाकटी म्हणाली, “खारीला किल्ली कशाला लागते गं?”

बाईंना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्या कशाबशा म्हणाल्या, “अगं, ती नुसती गोष्ट होती.”

“हो का? मग माझी मुलगी एक बूट घालून रस्त्यानं घरी का आली? आणि आल्या आल्या मला का म्हणाली, की आई, तू चुकलीस, सगळ्या वर्गानं सांगितलं?”

बाई मुंगीजवळ गेल्या. खुर्चीशी वाकून म्हणाल्या, “मुंगे, बूट विसरलीस ना?”

“विसरले नाही. चर्चा संपली नव्हती. घंटा झाली. चर्चा संपेपर्यंत बूट घालायचा नाही.”

“बरं. पण तुला तर ठाऊक होतं ना, की आजोबांना… म्हणजे खारोबाला दुसरं कोणीतरी होतं? मग बोलली का नाहीस?”

मुंगीनं पहिल्यांदाच वळून बघितलं. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. “गोष्टीत आहे तेवढंच धरायचं. मी विचार केला. मला वाटलं, मावशी आहे ना. पण बाई म्हणाल्या, कोणीही नव्हतं. मग तिथे ठेवावाच लागतो ना बूट?”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीनं नियम मोडला नव्हता. नियम पाळून, मान खाली घालून, तिनं आईच्या विरोधात बूट ठेवला होता, कारण शिकवणारीनंच तिच्या हातून खरं काढून घेतलं होतं.

धाकटी मागून म्हणाली, “दोनदा विचारलं होतं तुला. ही शाळेतून आली तेव्हा घर गॅसनं भरलेलं होतं, हे ठाऊक असताना तू नाही म्हणालीस. मी हिला तुझ्या नकाराचं काही कळू दिलं नाही. म्हटलं, ताईच्या वर्गात आहे, कशाला उगाच ताईला हिच्या मनातून उतरवू? आणि तू मला उतरवलंस गं. अख्ख्या वर्गाकडून.”

मुंगी हळूच म्हणाली, “मावशी नाही म्हणाली होती?”

“माझं चुकलं,” बाई म्हणाल्या. “मी बाबांना घेऊन येते माझ्याकडे. उद्याच आणते.”

“काही नको,” धाकटी म्हणाली. “आत्ता कुठे ते तिथे रुळलेत. तुला बरं वाटावं म्हणून त्यांना परत हलवायचं नाही. आधी जाऊन बघ तरी. आणि माफी माझ्या कानात मागू नकोस. जिथे गाळलंस, तिथे भर.”

“उद्या पाहुणे आहेत गं वर्गात.”

“मग बरंच आहे की. रिंगणं मोठी काढ.”

बाई बूट टेबलाखाली ठेवायला वाकल्या, तशी मुंगी म्हणाली, “इथे नको. तो वर्गात न्या. होता तिथे ठेवा.”

बाई पुन्हा तो बूट घेऊन जिना उतरल्या. रस्त्यात ओळखीचे पालक भेटले. हसून म्हणाले, “काय बाई, गृहपाठ घरी नेताय वाटतं?” बाईंना हसताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे वह्या सरसावून बसले होते. मुख्याध्यापिका नव्या साडीत, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. रिंगणं काढलेली होती आणि ‘नाही पटलं’मध्ये एक छोटा काळा बूट आधीच ठेवलेला होता. मुंगी डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात घरातली स्लिपर घालून आली होती. तिला पोरं चिडवत होती, पण ती ढिम्म.

राखून ठेवलेली गोष्ट बाईंना तोंडपाठ होती. राजा, शिकारी, हरणाचं पाडस, सगळं छान बसवलेलं. ती सांगायची मुभा होती. त्यांना कोणी काही म्हटलं नसतं, मुंगीनंसुद्धा नाही. तिनं नुसता बूट तिथेच राहू दिला असता. बाईंना त्या बुटाकडे बघवेना.

“कालची गोष्ट अर्धी राहिली,” त्या म्हणाल्या. “त्या खारोबाला दोन लेकी होत्या. धाकटीनं खूप दिवस त्याला सांभाळलं. एकदा तो ढोलीचं दार उघडं टाकून झोपला आणि धाकटीच्या पिलाच्या जिवावर बेतलं. धाकटी मोठीकडे गेली, म्हणाली, थोडे दिवस तू ठेव. मोठीची ढोली मोठी होती. एक कोपरा नुसता सामानानं भरलेला होता. ती नाही म्हणाली. धाकटीनं पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. मग धाकटीनं त्याला दूरच्या झाडावर ठेवलं. ती दर आठवड्याला तिथे जाते. मोठी एकदाही गेलेली नाही. ती घरी बसून धाकटीला नावं ठेवते.”

वर्गात आधी कुजबुज झाली, मग कल्ला. वकील उठला. तो रागानं लालबुंद झाला होता. “बाई, हे काय? मी काल विचारलं होतं, दुसरं कोणी होतं का, तर तुम्ही नाही म्हणालात! आम्ही सगळ्यांनी चुकीच्या रिंगणात बूट ठेवले ना! तुम्ही विसरलात का?”

किती सोपी वाट होती! ‘हो रे, विसरले’ म्हटलं की सुटका. मुख्याध्यापिका तर मान डोलावून जणू तेच सुचवत होत्या.

“विसरले नाही,” बाई म्हणाल्या. “मुद्दाम गाळली. मला तिची लाज वाटत होती.”

“गोष्टीतल्या खारीची तुम्हाला कशाला लाज?”

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली, अनवाणी पायानं रिंगणापर्यंत गेल्या आणि ती ‘नाही पटलं’मध्ये ठेवली. “कारण ती मोठी मीच आहे,” त्या म्हणाल्या. “काल मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि तुमच्याकडून एका चांगल्या बाईला दुष्ट म्हणवून घेतलं.”

हसू कुठल्या कुठे विरलं. मागच्या खुर्चीतल्या एका पाहुण्यानं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मुख्याध्यापिकांचा चेहरा पडला. वकील घुटमळला आणि अवघडून खाली बसला, कारण त्यालाही असं उत्तर नको होतं.

सगळ्यांत आधी मुंगी उठली. रिंगणात गेली, आपला बूट उचलला आणि ‘पटलं’मध्ये नेऊन ठेवला. “कारण सांगते,” ती म्हणाली, “धाकटीनं आधी विचारलं होतं.” तिच्यामागून एकेक पोर उठलं आणि सगळे बूट ‘पटलं’मध्ये जमा झाले. बाईंची चप्पल तेवढी दुसऱ्या रिंगणात एकटी राहिली.

“आणि मोठीचं?” कोणीतरी विचारलं. “तिच्यासाठी आता कुठे ठेवायचे?”

सगळ्यांनी मुंगीकडे बघितलं, कसं कोण जाणे, पण धाकटी म्हणजे तिची आई हे पोरांना कळलं होतं. मुंगीनं आपला बूट परत घेतला, पायात घातला आणि नाडी बांधू लागली. “धाकटीची चर्चा संपली. मोठीसाठी मी नाही ठेवत,” ती म्हणाली. “मोठी अजून गेलेली नाही. गोष्ट संपली कुठे?”

पाहुणे कसे गेले, मुख्याध्यापिका काय म्हणाल्या, बाईंना नीट आठवत नाही. “घरच्या गोष्टी वर्गात आणायच्या नसतात,” असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं. शाळा सुटली तशी बाई गेटशी येऊन उभ्या राहिल्या. वृद्धाश्रम गावाबाहेर आहे एवढंच त्यांना माहीत होतं. कुठली बस, कुठे उतरायचं, काही ठाऊक नव्हतं. एवढ्या दिवसांत त्यांनी ते विचारलंसुद्धा नव्हतं. आता कोणाला विचारणार? शेवटी त्यांनी मुंगीलाच विचारलं, आणि धाकटीला फोन करून परवानगी मागितली. धाकटी म्हणाली, “ने,” आणि फोन ठेवला.

दोघी बसनं गेल्या. मुंगी खिडकीशी बसली, बाहेर बघत. उतरल्यावर पुढे पुढे चालायला लागली. बाईंना वाटलं, हात धरावा. धरला नाही.

“आत गेलं की ते विचारतील, किल्ली दिलीस का,” मुंगी पुढे बघतच म्हणाली. “हो म्हणायचं. नाही म्हटलं की त्यांना वाईट वाटतं.”

माझे वडील आहेत ते, मला माहीत आहे, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि नुसती मान हलवली.

कोपरा आला. बाई सरळच निघाल्या होत्या. मुंगी थांबली. शाळेचं गेट केव्हाच मागे राहिलं होतं.

“बाई,” ती म्हणाली, “इकडून वळायचं.”